सीरममधला घोडा

विमानतळावरून बाहेर पडल्यापासून सईनं मला दोनदा विचारलं होतं. "मावशी, नक्की कबरच बघायचीय ना तुला? ऱ्हाइनवर बोटी आहेत, हायडेलबर्गला किल्ला आहे." तिसऱ्यांदा तिनं गाडीत बसल्यावर विचारलं. फ्रँकफुर्ट ते मारबुर्ग रेल्वेनं तासाभराचा रस्ता. खिडकीबाहेर ऑक्टोबरातली नांगरलेली शेतं, मधूनच एखादं लाल कौलांचं गाव, आणि पाऊस येतो की नाही अशा बेतातलं आभाळ. मी म्हटलं, "किल्ले आपल्याकडे साडेतीनशे आहेत गं. बेरिंग एकच."

भाची मारबुर्गच्या विद्यापीठात औषधशास्त्र शिकते. तिच्याकडे मी 2024 च्या ऑक्टोबरात आठ दिवस राहायला गेले होते. मी स्वतः पुणे जिल्ह्यातल्या एका लहान कारखान्यात एकतीस वर्षं काढली, आणि एकाच खात्यात काढली: शुद्धीकरण. घोड्याच्या रक्तातून धनुर्वातावरचं प्रतिविष वेगळं करायचं, एवढंच काम. आमचे जुने साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, "सीरममधून घोडा बाहेर काढायचा आणि औषध आत ठेवायचं. उलटं झालं तर घरी जायचं." ज्या माणसामुळे हे काम जन्माला आलं, तो एमिल फॉन बेरिंग 1895 पासून मरेपर्यंत मारबुर्गमध्ये राहिला. एवढ्या जवळ येऊन त्याला न भेटता जायचं म्हणजे पंढरपुराहून बाहेरच्या बाहेर परतण्यासारखं झालं असतं.

स्टेशनवरून दहा मिनिटं चाललं की सेंट एलिझाबेथचं चर्च लागतं. दोन उंच टोकदार शिखरं, गॉथिक बांधणी; 1235 मध्ये पाया घातला. एलिझाबेथ ही राजकन्या. नवरा धर्मयुद्धावर जाताना वारला, तेव्हा तिनं मारबुर्गला येऊन गरिबांसाठी इस्पितळ काढलं, रोग्यांची सेवा स्वतःच्या हातानं केली आणि 1231 मध्ये चोविसाव्या वर्षी ती गेली. औषधांच्या गावाला सुरुवातही शोभेशी मिळाली आहे. बाकी जुनं गाव डोंगराच्या अंगाला चिकटून वर चढत जातं: लाकडी चौकटींची वाकडी घरं, दगडी फरशीच्या गल्ल्या, आणि पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या. खालच्या रस्त्यावरून वरच्या पेठेत जायला नगरपालिकेनं चक्क लिफ्ट बसवली आहे, तिकीट नाही. साठी उलटलेल्या माझ्या गुडघ्यांनी नगरपालिकेला मनापासून आशीर्वाद दिले.

संध्याकाळी सईच्या खोलीवर चहा झाला. तिच्यासोबत राहणारी मुलगी जपानी. मी कशासाठी आले ते ऐकून ती काही न बोलता आत गेली आणि पाकिटातून हजार येनची नोट घेऊन आली. जुलै 2024 मध्ये निघालेली नवी नोट. तिच्यावर चष्मा लावलेला, मिशीवाला एक चेहरा: किटासाटो शिबासाबुरो.

हे पाहून मला फार बरं वाटलं, कारण या गोष्टीतला अर्धा मान त्याचा आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे 1884 मध्ये निकोलायर नावाच्या जर्मन डॉक्टरनं दाखवलं होतं, पण ते वेगळे काढून वाढवणं कुणालाच जमत नव्हतं. एक तर हे जंतू हवा लागली की वाढत नाहीत, आणि शिवाय सोबत बाकीच्या जंतूंची जत्रा. किटासाटोनं 1889 मध्ये बर्लिनला जंतुशास्त्रज्ञ कॉखच्या प्रयोगशाळेत दोन साध्या युक्त्या केल्या. मिश्रण 80 अंशांपर्यंत तापवलं. बाकीचे मेले, धनुर्वाताचे बीजाणू टिकले. मग हवा काढून हायड्रोजन भरला आणि त्यात ते वाढवले. शुद्धीकरणाच्या खात्यातल्या बाईला याहून सुंदर काय दिसणार! नको ते मारून हवं ते ठेवणं, हीच तर आमची सगळी विद्या.

पुढच्या वर्षी, 4 डिसेंबर 1890 रोजी, बेरिंग आणि किटासाटो या दोघांचा एक छोटा लेख जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात आला. नाव घटसर्प आणि धनुर्वात दोन्हींचं, पण आतले प्रयोग मुख्यतः धनुर्वाताचे. सशाला आधी धनुर्वाताविरुद्ध तयार करायचं, मग त्याच्या रक्तातलं सीरम उंदराला टोचायचं. असा उंदीर जंतू दिले तरी जगतो. शेजारचा, सीरम न मिळालेला, ताठ होऊन मरतो. म्हणजे प्रतिकार पेशींमध्ये नव्हे, रक्ताच्या पातळ भागात होता, आणि तो एका अंगातून दुसऱ्या अंगात ओतता येत होता. वैद्यकाचं पहिलं नोबेल 1901 मध्ये या सीरम-उपचाराला मिळालं. मिळालं एकट्या बेरिंगला. किटासाटोला नोट मिळायला एकशे तेवीस वर्षं लागली.

नोट परत देताना त्या मुलीनं दोन्ही हातांनी घेतली. मीही दोन्ही हातांनीच दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मारबाखच्या दिशेनं निघालो. मारबाख म्हणजे किल्ल्याच्या डोंगरामागचं उपनगर. गावात जागोजागी बेरिंगच्या खुणा सांगणाऱ्या पाट्या आहेत. त्या धरून चालत गेलं की त्याचं काम जिथे जिथे झालं त्या जागा लागतात. नोबेलच्या पैशांतला मोठा वाटा त्यानं कारखान्यात घातला, आणि 1904 मध्ये इथे 'बेरिंगवेर्के' उभं राहिलं. सीरम बनवायचं तर प्रयोगशाळेआधी तबेला लागतो. म्हणून गावाबाहेर, जमीन मोकळी मिळेल तिथे.

"पण घोडाच का? ससा चालला होता ना?" सईनं विचारलं. चढ लागला होता, मला बोलायला निमित्त हवंच होतं. उभं राहून बोलता येतं.

ससा लहान. चारशे किलोच्या घोड्यात तीसेक लिटर रक्त असतं. त्यातलं पाच-सहा लिटर एका वेळी काढलं तरी तो सावरतो. स्वभावानं शांत, दावणीला उभा राहतो. आणि एक गोष्ट पुस्तकात सहसा ठळक छापत नाहीत: घोड्याचं रक्त नुसतं उभं ठेवलं तर तांबड्या पेशी भराभर तळाला बसतात. नाण्यांच्या चळतीसारख्या त्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि खाली जातात. वर पिवळाधमक प्लाझ्मा आपोआप निथळतो. माणसाच्या रक्ताला हे एवढ्या झटपट जमत नाही. यंत्रं नव्हती त्या काळात हे फार मोठं वरदान होतं. आता तांबड्या पेशी वेगळ्या करून पुन्हा घोड्यालाच देतात, म्हणजे तो पुढच्या वेळेसाठी अशक्त राहत नाही.

आमच्या तबेल्यातल्या मोतद्दाराला प्रत्येक घोड्याची खोड माहीत होती. रक्त काढायच्या दिवशी तो घोड्याच्या कपाळावर हात ठेवून उभा राहायचा, एक शब्द बोलायचा नाही. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, बोललं की त्याला कळतं आज काहीतरी आहे." त्याच्या त्या गप्प उभं राहण्याचा उल्लेख आमच्या कुठल्याच बॅच-रेकॉर्डमध्ये नाही.

आणि यातली खरी गंमत वेगळीच. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात तसे घोड्याच्या आतड्यात आणि लिदीतही असतात. पाळीव जनावरांत धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्यांत घोडा येतो. लढाईत जखमी झालेल्या सैनिकांना धनुर्वात व्हायचा तो बहुतेकदा लीद घातलेल्या शेतांच्या चिखलानं. ज्या तबेल्यातून रोग, त्याच तबेल्यातून औषध. त्यामुळे शुद्धतेचा प्रश्न पहिल्या दिवसापासून गळ्याशी होता.

अमेरिकेत सेंट लुईस शहरात जिम नावाचा घोडा होता. दुधाची गाडी ओढून निवृत्त झालेला. घटसर्पाचं सीरम देण्यासाठी पाळला होता. 1901 मध्ये त्यालाच धनुर्वात झाला आणि त्याला मारावं लागलं. पण लक्षणं दिसायच्या आधी काढलेलं सीरम बाटल्यांत भरून वाटलं गेलं होतं. त्यात धनुर्वाताचं विष होतं. तेरा मुलं गेली. त्यानंतर, 1902 मध्ये, अमेरिकेनं लशी आणि सीरम बनवणाऱ्यांना परवाना आणि तपासणी लावणारा कायदा केला.

त्याच वर्षी आपल्याकडेही असाच घाव बसला. पंजाबातल्या मुलकोवाल गावात 30 ऑक्टोबर 1902 रोजी प्लेगची लस टोचली. एकाच बाटलीतून लस घेतलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं मेली. लस आली होती मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून, जिचा प्रमुख होता वाल्डेमार हाफकिन. त्याला निलंबित केलं. नंतर तपासात निघालं की बूच काढायचा चिमटा तिथेच जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला. दोष परळचा नव्हता. पण हाफकिनवरचा डाग पुसायला 1907 उजाडलं. गव्हर्नर मलबार हिलला गेल्यावर रिकाम्या झालेल्या वाड्यातल्या या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्याचं नाव मिळालं. मी शिकाऊ असताना महिनाभर तिथे जायचे. जिन्यातून जाताना प्रत्येक वेळी तो चिमटा डोळ्यांसमोर यायचा, अजून येतो.

पाऊस शेवटी आलाच. झाडाखालच्या एका बाकावर आम्ही बसलो आणि सईनं डबा उघडला: थालीपीठ, सोबत सुपरमार्केटातलं दही. मग तिनं विचारलं, "मावशी, तू रोज नेमकं करायचीस काय?" माझ्या नात्यातल्या कुणीही हे एकतीस वर्षांत विचारलं नव्हतं. मी सविस्तर सांगितलं.

सुरुवात माझ्या भावापासून. 1974 मध्ये, नऊ वर्षांचा असताना, सांगलीजवळच्या आमच्या गावात बैलाच्या नालेचा खिळा त्याच्या टाचेत घुसला. तालुक्याच्या दवाखान्यात 'एटीएस' दिलं. आधी कातडीत थेंबभर टोचून पाहिलं, मग पंधराशे युनिटचं इंजेक्शन. पोरगा ठणठणीत. नवव्या दिवशी अंगभर गांधी उठल्या, ताप आला, गुडघे सुजले. आजीला वाटलं पित्त उठलंय. तिनं आमसुलाचं पाणी चोळलं. चार-पाच दिवसांनी उतरलं, श्रेय आमसुलाला मिळालं. पुढे शिकताना कळलं की ते पित्त नव्हतं. त्याच्या शरीरानं घोड्याची प्रथिनं परकी म्हणून ओळखली होती आणि आठवडाभरात त्यांच्याविरुद्ध फौज उभी केली होती. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के आणि शिक यांनी 1905 मध्ये याला 'सीरमचा आजार' असं नाव दिलं. घोडा पुरता बाहेर निघाला नव्हता, एवढंच.

इथे एक गल्लत आधी निस्तरते, कारण ती आपल्याकडे घरोघरी असते. टीटी किंवा आताची टीडी ही लस आहे. ती शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, पण शिकायला वेळ लागतो. एटीएस म्हणजे दुसऱ्यानं बनवलेली तयार प्रतिपिंडं. लगेच कामाला लागतात आणि काही आठवड्यांत संपतात. लस म्हणजे स्वयंपाक शिकणं आणि सीरम म्हणजे डबा लावणं. घाण जखम झाली आणि लसीचे डोस पूर्ण नसतील, तर दोन्ही लागतात. धनुर्वाताचं विष एकदा मज्जातंतूत शिरलं की प्रतिविषाचा हात तिथे पोचत नाही. रक्तात जे अजून मोकळं फिरतंय तेवढंच ते पकडतं. म्हणून ते जितकं लवकर द्यावं तितकं बरं.

आता घोडा बाहेर कसा काढायचा. सुरुवातीला कुणी काढतच नव्हतं. रक्त गोठू द्यायचं, वरचं सीरम भरायचं, टोचायचं. मोठमोठ्या पिचकाऱ्या भरून. 1906 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात गिब्सननं अमोनियम सल्फेट वापरलं. हे मीठ घातलं की प्रथिनं पाण्यातून बाहेर पडतात, साक्यासारखी खाली बसतात. प्रत्येक प्रथिनाची बाहेर पडायची मात्रा वेगळी. हिशेबानं मीठ घालत गेलं तर अल्ब्युमिन पाण्यात राहतं आणि प्रतिपिंडं असलेला भाग खाली येतो. घोड्यातला बराचसा घोडा इथे गेला. पण प्रतिपिंड स्वतःच घोड्याचं असतं, त्याचं काय?

उत्तर डुकराच्या पोटात सापडलं. पेप्सिन हे डुकराच्या जठरातून काढलेलं पाचक द्रव्य. मांस पचवायचं त्याचं काम. 1938-39 मध्ये लंडनजवळ बेकनमला वेलकमच्या प्रयोगशाळेत पोप नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं प्रतिविष आम्ल केलं, त्यात पेप्सिन घातलं, मग ते तापवलं. बरीचशी प्रथिनं पचली किंवा शिजून गोळा झाली. विष पकडण्याची ताकद मात्र टिकली. असं का होतं, ते पोपला कळायची सोय नव्हती. प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखं असतं, हे उलगडायला सुरुवात झाली ती 1959 मध्ये. तेव्हा रॉडनी पोर्टरनं दुसऱ्या एका पाचक द्रव्यानं, पपईतल्या पपेननं, ते कापून दाखवलं. पुढच्या वर्षी निसोनॉफनं पेप्सिनचा घाव नेमका कुठे बसतो ते शोधलं: वायच्या बुंध्यावर. विष धरणारे दोन हात एकमेकांना जोडलेले राहतात, खालची शेपटी तुटते. आणि शरीराला चिथावण्याची बरीच कामं त्या शेपटीकडे असतात. प्रतिपिंडाची रचना उलगडल्याबद्दल पोर्टर आणि एडलमन यांना 1972 चं नोबेल मिळालं. कापलं आधी आणि आकार कळला नंतर. आमच्या धंद्यात असं बरंच आहे.

आमच्याकडे प्लाझ्मा यायचा पिवळा, दाट. दुप्पट-तिप्पट पाणी घालून पातळ करायचा. आम्ल घालून पीएच साडेतीनच्या खाली आणायचा, पेप्सिन सोडायचं, कोमट ठेवायचं. मग पीएच थोडा वर, थोडं अमोनियम सल्फेट, आणि 55-56 अंशांवर तासभर. अंड्याचा पांढरा भाग शिजतो तसा पांढुरका गोळा वर येतो. तो घोडा. फिल्टर प्रेसमधून गाळून तो काढला की खाली सोनेरी पाणी राहतं. त्यात आणखी मीठ घातलं की प्रतिपिंडांचे तुकडे साका होऊन बसतात. तो साका विरघळवायचा, डायलिसिसनं मीठ काढायचं, ताकद मोजायची, शेवटी जंतू अडकतील एवढ्या बारीक भोकांच्या फिल्टरमधून गाळायचं. टिकण्यासाठी किंचित क्रेसॉल. त्याचा वास फिनेलसारखा, केसांत बसतो. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटी भरायची.

सोनेरी पाणी दिसलं की काम झालं, असं मात्र नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्रपाळीला माझ्या हातून एक बॅच गेली. पीएच मीटर सरकला होता. काटा सव्वातीन दाखवत होता, आत होतं त्याहून बरंच आम्ल. मी चाचणीचं द्रावण लावून ताडून पाहिलं नाही. पेप्सिननं शेपट्यांबरोबर हातही खाल्ले. दिसायला बॅच देखणी, काचेसारखी स्वच्छ. ताकद मोजली तर निम्म्याहून कमी. कित्येक घोड्यांचं रक्त गटारात. साहेब रागावले नाहीत. मला तबेल्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "सांग त्यांना." मी उभी राहिले. मोतद्दारानं तेवढं ऐकलं आणि चारा घालायला निघून गेला. त्या दिवसापासून मीटर ताडल्याशिवाय मी आम्लाची बाटली उचलली नाही.

सईला सगळ्यांत आवडली ती बोकडाची गोष्ट. पेप्सिनशिवायची एक वाट आहे, कॅप्रिलिक ॲसिडची. लॅटिनमध्ये शेळीला कॅप्रा म्हणतात. या आम्लाला बोकडासारखा उग्र दर्प येतो म्हणून हे नाव. शेळीच्या दुधात ते असतं आणि आपल्या खोबरेलातही. 1969 मध्ये पॅरिसच्या स्टाइनबुक आणि ओद्रां यांना दिसलं की प्लाझ्मात हे आम्ल घातलं की बाकी जवळजवळ सगळी प्रथिनं खाली बसतात आणि प्रतिपिंडं तेवढी वर पाण्यात राहतात. अगदी उलटा न्याय: मिठानं हवं ते खाली येतं, इथे नको ते. कोस्टा रिकाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेनं 1994 मध्ये सर्पदंशाच्या औषधासाठी ही रीत साधी आणि स्वस्त करून दाखवली. यात प्रतिपिंड आख्खं राहतं, शेपटीसकट. पण बाकीचा घोडा इतका स्वच्छ निघतो की त्रास कमीच होतो. पेप्सिन की कॅप्रिलिक, यावर आमच्या व्यवसायातली माणसं अजून भांडतात. माझं मत विचाराल तर हाती आलेला प्लाझ्मा ताजा आणि थंड ठेवलेला असेल तर दोन्ही चांगली. शिळा असेल तर दोन्ही व्यर्थ.

"डुक्कर, बोकड, पपई, खोबरेल," सई मोजत होती. मी म्हटलं, यात साबुदाणा राहिला. ती हसायला लागली, पण ते खरं आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या तबेल्यात 1920 च्या दशकात गास्तों रामोंला दिसलं की टोचलेल्या जागी गळू झालेल्या घोड्यांचं सीरम जास्त जोरदार येतं. मग त्यानं मुद्दाम टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा ज्यातून होतो तेच पीठ, विषाच्या निर्विष केलेल्या रूपात मिसळून टोचलं. प्रतिपिंडं वाढली. इंग्लंडमध्ये ग्लेनीनं 1926 मध्ये तुरटी वापरली आणि ती आजतागायत लशींमध्ये आहे. साबुदाणा मागे पडला, तुरटी टिकली.

पाऊस थांबल्यावर बाकीचा चढ चढलो. मारबाखच्या वर, एल्झेनह्योहे नावाच्या टेकाडावर, झाडीत बेरिंगची समाधी आहे. पानगळ सुरू झालेली, वाटेवर ओली पिवळी पानं. माणूस नाही, फुलं नाहीत. 31 मार्च 1917 ला तो गेला. पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना. त्या युद्धात त्याच्या सीरमचं काय झालं हे इंग्रज सैन्याच्या आकड्यांत चांगलं दिसतं. 1914 च्या सप्टेंबरात जखमींमध्ये धनुर्वाताचं प्रमाण हजारी आठच्या आसपास होतं. मग प्रत्येक जखमीला घोड्याचं सीरम टोचायचा हुकूम निघाला आणि वर्षाअखेर ते दोनाच्या खाली आलं. शत्रूच्या प्रोफेसरानं शोधलेलं औषध, दोन्हीकडच्या खंदकांत. बेरिंगला जर्मनीत सैनिकांचा तारणहार म्हणत.

माणूस तसा सोपा नव्हता. मित्रांशी भांडला. सीरमची ताकद मोजायची रीत ज्यानं बसवली त्या पॉल एर्लिखशी त्याचं बिनसलं ते बिनसलंच. मला स्वतःला एर्लिख जवळचा वाटतो. बाटलीत किती युनिट आहेत हे सांगता येईना, तोवर औषध म्हणजे नुसती आशा. पण टेकडीवर उभी राहून मृतांची भांडणं उकरण्यात अर्थ नव्हता. पिशवीत मी पुण्याहून एक रिकामी ॲम्प्यूल आणली होती, ठेवावी म्हणून. सई म्हणाली, "काच आहे मावशी, कुणाच्या पायात गेली तर?" बरोबर होतं तिचं. मी ती परत पिशवीत टाकली आणि नुसता नमस्कार केला.

उतरताना कारखान्यांची कुंपणं दिसतात. बेरिंगवेर्केच्या जागेत आता वेगवेगळ्या कंपन्या आहेत. 1967 च्या ऑगस्टमध्ये युगांडाहून आणलेल्या माकडांच्या ऊतींवर काम करणारे इथले कामगार एका अनोळखी तापानं आजारी पडले. मारबुर्ग, फ्रँकफुर्ट आणि बेलग्रेड मिळून 31 जणांना लागण झाली, सात गेले. त्या विषाणूला या गावाचं नाव कायमचं चिकटलं. गावाला ते आवडत नाही, साहजिकच आहे. 2021 पासून इथेच बायोएनटेकनं कोविडची लस बनवली. ते सांगताना मात्र गावातल्या टॅक्सीवाल्याचा आवाज चढला.

आणि धनुर्वाताचं औषध? तेही मारबुर्गमध्ये होतं, सीएसएल बेरिंगच्या कारखान्यात. पण घोड्यापासून नाही. लस घेतलेल्या माणसांच्या प्लाझ्मापासून. त्यात घोडा काढायचा प्रश्नच येत नाही. म्हणून घोड्याच्या सीरमचे जिथे पंधराशे युनिट लागतात तिथे याचे अडीचशे पुरतात, आणि ते अंगात टिकतंही जास्त. महाग मात्र फार. ज्या देशांना परवडतं तिथे घोडा निवृत्त झाला. आपल्याकडे अजून दोन्ही आहेत. पुण्यात 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली तिची सुरुवातच धनुर्वाताच्या सीरमनं झाली. त्याआधी ती काढणाऱ्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे परळला हाफकिन संस्थेकडे जात. लसीकरणामुळे नवजात बाळांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात आपण 2015 मध्ये हटवला असं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. मोठ्या माणसांचा मात्र उरला आहे, विशेषतः ज्यांनी शाळेनंतर एकही डोस घेतलेला नाही त्यांचा. शेतातली माणसं, बांधकामावरची माणसं, बागकामाची हौस असलेले निवृत्त लोक.

रात्री सईनं विचारलं, "तू शेवटचा डोस कधी घेतलास?" मला आठवेना. एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी प्रतिविष गाळणारी बाई आणि स्वतःच्या डोसची तारीख ठाऊक नाही. पुण्याला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन टीडी घेऊन आले. दंड दोन दिवस दुखला. दर दहा वर्षांनी एकदा घ्यायचा असतो. तुमचा कधी झाला, तेवढं बघा.